तंजावूरचे सरफोजीराजे : दत्तकाचा दावा आणि अकरा वर्षांचा न्यायलढा

तंजावूर : येथील बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर देवनागरी लिपीत, मराठी भाषेत कोरलेला एक अतिदीर्घ शिलालेख आहे. चोळ राजांच्या तमिळ शिलालेखांनी व्यापलेल्या या मंदिरात मराठी अक्षरे पाहून महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू थबकतो. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लेख 1803 मध्ये पूर्ण झाला. तो ज्यांनी कोरविला ते सरफोजीराजे भोसले त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते, आणि राज्य त्यांच्या हातून गेल्याला चार वर्षे उलटली होती. स्वतःच्या कुळाची कथा दगडावर लिहून ठेवावी असे एका तरुण राजाला का वाटले असावे, याचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी भोसले कुळाच्या एका भाऊबंद शाखेत झाला. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरला स्थापन केलेले राज्य त्या वेळी शंभर वर्षांचे झाले होते. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तमिळ प्रजेच्या मध्यभागी, मराठीभाषक सरदार, कारकून, शास्त्री आणि कीर्तनकार यांचा एक लहानसा समाज राजवाड्याच्या आश्रयाने नांदत होता. दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषांना मान होता. मात्र सैन्यबळ अल्प, शेजारी प्रबळ आणि भातशेतीचे उत्पन्न डोळ्यांत भरणारे, अशी या राज्याची स्थिती होती. अर्काटचे नवाब महंमद अली हे तंजावूरला आपले मांडलिक मानीत आणि खंडणीची थकबाकी मागत. स्वतः नवाब इंग्रज सावकारांच्या कर्जात बुडालेले होते आणि ते कर्ज फेडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग त्यांना तंजावूरच्या कोठारांतून जाताना दिसत होता.

1773 च्या सप्टेंबरमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने नवाबासाठी तंजावूरचा किल्ला घेतला. तुळजाजीराजे आणि त्यांचा परिवार स्वतःच्याच वाड्यात कैद झाला. पुढील अडीच वर्षे नवाबाच्या अंमलदारांनी प्रांताचे उत्पन्न ओरबाडले. लंडनमधील संचालकांनी ही कारवाई अमान्य केली आणि राज्य परत देण्यासाठी लॉर्ड पिगॉट यांना मद्रासच्या गव्हर्नरपदावर धाडले. 11 एप्रिल 1776 रोजी तुळजाजी पुन्हा गादीवर बसले. परंतु ज्या गोऱ्या सावकारांचे पैसे तंजावूरच्या पिकात अडकले होते त्यांना हा न्याय मानवला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मद्रास कौन्सिलमधील विरोधकांनी खुद्द गव्हर्नरालाच अटक केली आणि पुढील मे महिन्यात पिगॉट अटकेतच मरण पावले. तंजावूरच्या राजाला न्याय देऊ पाहणाऱ्या गव्हर्नरचा असा शेवट झाला, त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांनी सरफोजींचा जन्म झाला.

ते चार वर्षांचे असताना हैदर अलीच्या फौजांनी तंजावूर प्रांत उजाड केला. किल्ला तेवढा बचावला. कालवे आणि बांध फुटले, गुरे हाकून नेली गेली, गावेच्या गावे ओस पडली. मुलांनाही मोठ्या संख्येने पळवून नेण्यात आले. दुष्काळाने रस्त्यांवर प्रेतांचा खच पडला. कंपनीच्या शिबंदीचा सालिना खर्च मात्र तुळजाजींना चुकला नव्हता. एका बाजूने नवाब, दुसऱ्या बाजूने म्हैसूर आणि वर पालनकर्ता म्हणविणारी कंपनी, अशा तिहेरी चरकात हे राज्य पिळून निघाले. कर्नाटक प्रांताच्या या दुर्दशेचा आणि नवाबाच्या कर्जांमागील व्यवहाराचा प्रश्न एडमंड बर्क यांनी 1785 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडला, पण त्या चर्चेतून तंजावूरच्या कुणब्याच्या हाती काही पडले नाही.

तुळजाजी स्वतः विद्याप्रेमी होते. आयुष्याच्या अखेरीस मात्र त्यांच्यावर एकामागून एक घाव पडले. पोटची मुले गेली, वंश खुंटला. जानेवारी 1787 मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना विधिपूर्वक दत्तक घेतले आणि मुलाचा हात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या हाती देऊ केला.

श्वार्ट्झ हे जन्माने जर्मन, पंथाने लुथरन मिशनरी. 1750 मध्ये ते डॅनिश वसाहत असलेल्या तरंगमबाडीला आले आणि पुढे तंजावूरला स्थायिक झाले. तमिळ, फारसी आणि मराठी त्यांना अवगत होती. त्यांच्या सचोटीची ख्याती इतकी होती की 1779 मध्ये कंपनीने हैदर अलीकडे बोलणी करण्यासाठी त्यांनाच श्रीरंगपट्टणला पाठविले होते. मरणोन्मुख राजाची विनंती त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. परधर्मीय उपदेशकाने वाड्यातील राजपुत्राचे एकट्याने पालकत्व घेतले तर दरबारात कलह माजेल, असे त्यांना वाटले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी मुलाच्या वतीने कारभार पाहावा, असा सल्ला त्यांनी दिला. हेतू शुद्ध होता, पण सल्ला चुकला. पुढील दहा वर्षे श्वार्ट्झ या चुकीची भरपाई करीत राहिले.

तुळजाजींचे निधन होताच अमरसिंहांनी दत्तकविधानालाच आव्हान दिले. त्यांचे आक्षेप शास्त्राच्या भाषेत होते. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक आहे आणि एकुलता पुत्र दत्तक देता येत नाही. दत्तकासाठी त्याचे वय अधिक आहे. दत्तक घेतेवेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे हे तीन मुद्दे होते. वास्तविक अमरसिंहांची स्वतःची बाजूही निर्विवाद नव्हती. ते प्रतापसिंहराजांचे पुत्र असले तरी विवाहित राणीच्या पोटचे नव्हते. मद्रास सरकारने बारा पंडितांचे मत मागविले. पंडितांनी दत्तक अवैध ठरविला आणि कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसविले. ज्या सरकारला धर्मशास्त्राचे अक्षर कळत नव्हते त्याने धर्मशास्त्राच्या आधारे राजा नेमला. त्या पंडितांना लाच दिली गेल्याचा आरोप पुढे झाला. मात्र तोवर दहा वर्षांचे एक मूल वाड्यात प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडले होते.

सरफोजींच्या कैदेचे तपशील श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे केलेल्या तक्रारींतून समजतात. मुलाला जेथे ठेवले होते तेथे उजेड आणि मोकळी हवा पोहोचत नसे. त्याला बाहेर पडण्याची मुभा नव्हती. शिक्षक नेमण्याचे आश्वासन कागदावरच राहिले, त्यामुळे राजपुत्र असूनही तो लिहिण्यावाचण्यास पारखा झाला. तुळजाजींच्या विधवा राण्यांचाही छळ सुरू होता. शस्त्राने मारल्याचा डाग लागू नये आणि तरीही वारस उभा राहू नये, यासाठी याहून सोपा उपाय नव्हता. अंधारात, अशिक्षित आणि दुर्बल वाढलेला तरुण पुढे राज्यावर हक्क सांगण्यास समर्थच राहिला नसता.

या छळाला धर्मवैराचा रंग देता येत नाही. छळणारा काका त्याच कुळातला आणि त्याच धर्मातला होता. वाचविणारा परका, परधर्मी. तंजावूरच्या मराठी समाजाने त्या दोन दशकांत नवाबाची लूट पाहिली, म्हैसूरची जाळपोळ पाहिली आणि नंतर घरातलाच अन्याय पाहिला. तिन्ही वेळी दाद मागण्याचे ठिकाण एकच उरले होते, ते म्हणजे मद्रासचा फोर्ट सेंट जॉर्ज. त्या दारात पोहोचण्यासाठी मराठी दरबाराला इंग्रजी जाणणारा मध्यस्थ लागे, ही त्या काळाची खरी शोकांतिका होती.

श्वार्ट्झ यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. अखेर कंपनीने हस्तक्षेप करून मुलाभोवती स्वतःचे शिपाई नेमले आणि त्याच्या शिक्षणाची सोय केली. तरीही वाड्यातील वातावरण सुरक्षित नव्हते. 1793 मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. सोबत वृद्ध श्वार्ट्झ स्वतः गेले. पंधरा वर्षांच्या राजपुत्राला वाड्याबाहेरचे जग तेव्हा मोकळेपणाने दिसले. मद्रासमध्ये गेरिके या मिशनरीच्या देखरेखीखाली त्यांचे इंग्रजी, गणित, भूगोल आणि विज्ञान यांचे शिक्षण झाले. हिरावलेली वर्षे भरून काढण्याचा त्यांचा झपाटा असा होता की पुढे चाळीस वर्षे तो ओसरला नाही.

मद्रासमध्ये दाव्याची फेरतपासणीही सुरू झाली. राण्यांनी आणि सरफोजींनी अर्ज केले, श्वार्ट्झ यांनी आपली साक्ष लिहून दिली. पहिल्या निर्णयात तंजावूरच्या पंडितांवरच भिस्त ठेवली गेली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्या काळात बंगाल आणि काशीच्या पंडितांकडे तोच प्रश्न पाठविला गेला. स्थानिक दडपणापासून दूर असलेल्या या शास्त्र्यांनी दत्तक वैध असल्याचा निर्वाळा दिला. एका प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे एकाच शास्त्रातून निघाली, ती विचारण्याच्या जागेमुळे. संचालकांची संमती आल्यावर अमरसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांना वर्षासन देऊन तिरुविडैमरुदूर येथे राहण्यास पाठविले गेले. 29 जून 1798 रोजी सरफोजीराजे सिंहासनावर बसले. दत्तकविधानाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

हा दिवस पाहण्यास श्वार्ट्झ उरले नव्हते. त्याच वर्षी 13 फेब्रुवारी रोजी त्यांचे तंजावूर येथे निधन झाले. अखेरच्या आजारात सरफोजी त्यांच्या भेटीस आले होते. अंत्यविधीच्या वेळी तरुण राजपुत्राने रीतिरिवाजांची तमा न बाळगता उपस्थित राहून अश्रू ढाळले आणि पार्थिवावर जरीवस्त्र पांघरले. पुढे त्यांनी इंग्लंडचे प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावूरच्या शिवगंगा उद्यानाजवळील चर्चमध्ये ते आजही आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी असे ते दृश्य आहे. उपकाराची जाणीव इतकी उत्कट असूनही सरफोजींनी धर्मांतर केले नाही. ते शैव आचार पाळणारे राजे म्हणूनच जगले. मिशनरी वर्तुळांत याबद्दल निराशा होती, पण ज्याने त्यांना वाढविले त्याच्या स्वभावात जबरदस्ती नव्हती, हेही त्यातून दिसते.

न्यायाची किंमत लवकरच समोर आली. लॉर्ड वेलस्ली यांच्या कारकिर्दीत, 25 ऑक्टोबर 1799 रोजी सरफोजींनी एका तहावर सही केली. राज्याचा सारा मुलकी, न्यायिक आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाला वार्षिक एक लक्ष होन, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि तंजावूरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. ज्या कंपनीच्या निर्णयाने गादी मिळाली, तिला नकार देण्याचे बळ बावीस वर्षांच्या राजाकडे नव्हते. अमरसिंह गादीवर राहिले असते तर राज्य वाचले असते, असेही म्हणता येत नाही. म्हैसूर पडल्यानंतर दक्षिणेत कंपनीला अडविणारे कोणी उरले नव्हते. तरी न्यायदानाच्या दुसऱ्याच वर्षी न्यायाधीशाने मालमत्ता ताब्यात घ्यावी, हा योगायोग तंजावूरकरांच्या नजरेतून सुटला नसणार.

चार वर्षांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर शिलालेख उमटला तो या पार्श्वभूमीवर. मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी यांच्यापासून खुद्द सरफोजींपर्यंतची परंपरा त्यात सांगितली आहे. ज्याच्या वंशातील स्थानाबद्दलच बारा पंडितांनी शंका घेतली होती, त्याने आपली वंशावळ देवाच्या दारात कोरून ठेवली. कागदावरचा निवाडा बदलता येतो हे सरफोजींनी दोनदा अनुभवले होते.

राज्य गेले तरी जे हाती उरले त्यात सरफोजींनी एक वेगळेच विश्व उभे केले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाला त्यांनी सरस्वती महालाचे आजचे रूप दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते आणि युरोपातून मागविलेली हजारो मुद्रित पुस्तके तेथे जमा झाली. अनेक इंग्रजी ग्रंथांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. 1805 च्या सुमारास त्यांनी वाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला. इसापनीतीचा मराठी अनुवाद तेथून निघाला, तेव्हा मुंबई-पुण्यात मराठी मुद्रण रुळलेले नव्हते. महाराष्ट्रातील मुद्रणेतिहासात या तंजावुरी छापखान्याला आजही पुरेसे स्थान मिळत नाही. मुलांसाठी शाळा निघाल्या. जगाचा भूगोल सांगणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाट्य सरफोजींनी स्वतः रचले. लहानपणी ज्याला खिडकीबाहेरचा उजेड नाकारला गेला, त्याने देशोदेशींची नावे मराठी गेय रचनेत गुंफली.

धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकशाळा होती. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करीत. माणसांप्रमाणे पशुपक्ष्यांवरही उपचार होत आणि औषधी वनस्पतींची चित्रे काढून ठेवली जात. नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महालात जतन आहेत. मोतीबिंदूच्या रुग्णांची स्थिती आणि उपचारांनंतरचा गुण यांची अशी पद्धतशीर नोंद त्या काळी भारतीय दरबारांत विरळाच होती.

रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे हा त्यांचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय होता. उत्तरेतून आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना तेथे अन्न, निवारा आणि औषध मिळे. काही छत्रांत शाळाही चालत. ओरत्तनाडू येथील मुक्ताम्बाळ छत्र त्यांनी 1802 च्या सुमारास बांधविले. कारभार कंपनीकडे गेल्यावरही छत्रे आपल्याकडे राहावीत यासाठी त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांशी चिकाटीने पत्रव्यवहार केला. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून सेतुभावा छत्रम् जवळ समुद्रकिनारी मनोरा उभारणारा राजा तो हाच. इंग्रजांना खूश ठेवण्याची ही धडपड आजच्या वाचकाला खटकू शकते. छत्रे, ग्रंथालय आणि दरबाराचा मान मात्र याच धडपडीवर टिकून होता.

1820 मध्ये सरफोजी काशीयात्रेस निघाले. सुमारे तीन हजारांचा लवाजमा सोबत होता. नावापुरत्या राजाला स्वतःच्या किल्ल्याबाहेर इतका प्रवास करण्यासाठी कंपनीची परवानगी लागली आणि वाटभर कंपनीची नजर राहिली. काशी, प्रयाग, गया येथील विधी आटोपून परतताना त्यांनी आणलेल्या सामग्रीत हस्तलिखितांचा मोठा भरणा होता. ज्या काशीच्या पंडितांनी त्यांचे दत्तकविधान वैध ठरविले होते, त्या नगरीशी त्यांचे ऋण जुनेच होते.

1826 मध्ये बिशप हेबर यांनी तंजावूरला भेट दिली तेव्हा राजाच्या वाचनाने आणि विज्ञानविषयक माहितीने ते चकित झाले. 7 मार्च 1832 रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुत्र शिवाजीराजे गादीवर आले आणि 29 ऑक्टोबर 1855 रोजी पुरुष वारस न ठेवता वारले. दत्तकपुत्राचा हक्क मान्य करण्यास अकरा वर्षे लावणाऱ्या कंपनीने या वेळी राज्य खालसा करण्यास विलंब लावला नाही. पुढील वर्षी कंपनीच्या कमिशनरने लष्कर आणून राजवाड्यातील खासगी चीजवस्तूंनाही मोहरा ठोकल्या.

सरफोजींच्या ज्येष्ठ सुनेने, कामाक्षीबाईसाहेबांनी, त्याविरुद्ध मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन यांनी त्यांची बाजू मांडली आणि निकाल राणीच्या बाजूने लागला. कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील केले. 1859 मध्ये तेथील न्यायाधीशांनी हे कृत्य सार्वभौम सत्तेचे असल्याने ते न्याय्य की अन्याय्य, हे ठरविण्याचा अधिकारच न्यायालयास नाही, असे ठरवून मद्रासचा निकाल फिरविला. भारतीय कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला आजही शिकावा लागतो. 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. तो हक्क मानून नव्हे, मेहेरबानी म्हणून दिलेला होता.

राजघराण्यातील वारसांचे आपसातले दावे त्यानंतरही अनेक वर्षे चालले. सरस्वती महालातील ग्रंथ मात्र फुटले नाहीत. 1918 मध्ये ते ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. तंजावूर दरबाराच्या मोडी लिपीतील कागदपत्रांची रुमालबंद दप्तरे तेथे आहेत, आणि ती वाचू शकणारे लोक आता मोजकेच उरले आहेत.